काळ्या बोटांचा खुलासा

बोरपाडा, सापगावच्या पुढे,
तालुका शहापूर.
शुक्रवार, टपालाची पिशवी गेल्यावर.

श्री. सावळारामभावजी, मुक्काम भिंतीपलीकडे, यांना गुणावहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्याहून आठ महिन्यांनी थोर, तरी थोरल्या भावाची बायको म्हणून आशीर्वाद देण्याचा हक्क माझा. निवडणुकीत हक्क बजावता आला नाही, निदान इथे तरी बजावते.)

तुमची प्रकृती बरी असल्याचं समजलं. कोणी सांगितलं नाही; आपल्या दोन घरांमधली भिंत एका विटेची आहे, तिनेच सांगितलं. पहाटे साडेपाचला दोनदा खोकला, मग चूळ, मग शेळीला एक शिवी, मग मोबाइलवरचं भजन. खोकल्यात कफ वाटतो, आडुळशाचा काढा घेत चला. गुडघा कसा आहे ते भिंतीतून ऐकू येत नाही, तेवढं कळवावं. आमच्याकडे सगळे ठीक. तुमचे थोरले बंधू नेहमीप्रमाणे झोपाळ्यावर आहेत आणि ह्या भांडणात आपली बाजू कोणती ते अजून ठरवतायत.

आता हाकेच्या अंतरावर राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यापासून आज बावीस दिवस तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मी समोर आले की विहिरीकडे बघत उभे राहता, जणू काही पाणी आजच लागलंय. तेव्हा तोंडाचा मार्ग बंद. सुदैवाने मी गावची पोस्टमास्तरीण आहे (शाखा डाकघर म्हणजे आमच्या ओटीवरचं एक टेबल, एक वजनकाटा आणि एक शिक्का, हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या प्रचारपत्रकांचे गठ्ठे त्याच टेबलाखाली आठ दिवस होते), त्यामुळे सरकारी मार्ग मला खुला आहे. जैतू डाकवाला हे तुमच्या हातात देईल. तुम्ही घ्यायचं नाकारलंत तर नियमाप्रमाणे ते पाठवणाऱ्याकडे परत येईल आणि पाठवणारी नियमाप्रमाणे पुन्हा पाठवील. माझ्या नोकरीची अजून बारा वर्षं शिल्लक आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. हे पत्र शेवग्याच्या पाल्यासाठी नाही. तुमच्या अंगणातल्या शेवग्याभोवती तुम्ही काटेरी तार मारलीत, फाटकाला कुलूप लावलंत, झाड तुमचं आहे, तार तुमची आहे. भाविकाच्या (तुमची एक पुतणी आहे, आठवत असेल) प्रयोगाची तिसरी खेप त्याच पाल्यावाचून अडली आहे, येत्या सोमवारी तिला मुरबाडच्या कॉलेजात प्रबंध द्यायचा आहे, आणि तिसरी खेप झाली नाही तर पोरीचं वर्ष जाईल, ह्या गोष्टींचा या पत्राशी काडीचा संबंध नाही. मी लिहिते आहे ते फक्त माझ्या बोटांबद्दल.

कारण तुम्ही अख्ख्या आळीला असं सांगितलंत की, मतदानाच्या सकाळी वहिनी पहिल्या गाडीने माहेरी उंबरमाळीला गेली, तिथे भावाच्या बाजूने मत दिलं, बोटावर शाई घेऊन परत आली आणि इथे दुसरं मत द्यायला गेली ती पकडली गेली. म्हणून आपलं एक मत बुडालं, म्हणून तुमच्याविरुद्ध उभी राहिलेली मंगळीबाई दोनशे चौदा आणि सावळाराम दोनशे तेरा. गुन्हा, गुन्हेगार, पुरावा, सगळं जागच्या जागी. आपल्याकडच्या अर्ध्या सुनांची नावं दोन्हीकडच्या यादीत असतात, हेही खरं. पण माझं माहेरच्या यादीतलं नाव मी लग्नाच्या वर्षीच कापून घेतलं होतं, कारण तेव्हा माझ्या सासऱ्यांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, इथे मत कमी पडत होतं. तेही पडले होते. (आपल्या घराण्याला उभं राहायची हौस फार, आणि घराणं त्या कामाचं नाही, हे मी त्यांच्या हयातीतही म्हटलं होतं.)

तर खरं काय झालं ते सांगते, आणि ते सांगायला भाविकाच्या शिक्षणापासून सुरुवात करावी लागते. तिने एम.एस्सी.ला जे घेतलंय ते थोडक्यात असं. सिल्व्हर नायट्रेट नावाचं चांदीचं एक औषध पाण्यात विरघळवायचं. ते दिसतं अगदी पाण्यासारखं. त्यात शेवग्याच्या पाल्याचा काढा गाळून घालायचा. पाल्यात असं काही असतं की ते विरघळलेल्या चांदीची पुन्हा चांदी करतं, पण तुकडा नाही, कण. आणि कण तरी किती बारीक, तर एका केसाच्या जाडीवर असे चार हजार कण शेजारी शेजारी बसतील. (आपल्या आळीत दोन घरं शेजारी बसू शकत नाहीत, हे मी तिच्या कॉलेजातल्या शीतल मॅडमना बोलून दाखवलं.) ह्या कणांनी पाण्यातले जंतू मरतात म्हणे. आपल्या विहिरीच्या पाण्यातले मरतात का, हे पाहायचं पोरीच्या मनात आहे. हेच काम कारखान्यात करायला जहाल रसायनं लागतात, आणि इथे ते भाजीचा पाला करतो, म्हणून देशोदेशीचे शास्त्रज्ञ सध्या पाला उकळत बसलेत, असं मॅडम सांगतात. मी पस्तीस वर्षं पाला उकळतेय, मला कोणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही.

चांदी झाली हे कळायची खूण म्हणजे रंग. पाणी आधी पिवळसर होतं, मग कोऱ्या चहासारखं. चांदी आणि रंग असा कसा, हे मला आजही पटलेलं नाही, पण तो आला तर प्रयोग साधला. मात्र एकदा साधून भागत नाही. त्याच झाडाच्या पाल्याने तीनदा तसाच साधला पाहिजे, तर मॅडम सही करणार. दुसऱ्या झाडाचा पाला घेतला तर पहिल्यापासून सुरुवात. झाड तुमचं का निवडलं, तर जवळचं म्हणून. त्या वेळी ते जवळचं होतं.

मुरबाडला पोचेपर्यंत पाला कोमेजतो, म्हणून काढा घरी उकळायचा असं ठरलं. भाविका कॉलेजातून पाण्याचा कॅन आणायची, डिस्टिल्ड, म्हणजे ज्यात काही म्हणजे काही नसतं असं पाणी. (पहिला कॅन तुमच्या बंधूंनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतला. त्यांच्याकडून गेल्या वर्षभरात झालेलं हे एकमेव काम.) सकाळी पोरीची एस.टी.ची धावपळ, म्हणून उकळायचं माझ्याकडे आलं. मी मनापासून उकळलं. ती बाटलीत भरून न्यायची, आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायची. चहासारखा रंग येण्याऐवजी दह्यासारखं पांढरं काहीतरी तळाशी बसायचं. एक आठवडा झाला, दोन झाले. मॅडमनी पाण्यावर संशय घेतला, कॅन बदलले. चांदीच्या औषधावर संशय घेतला, नवी बाटली फोडली. तुमच्या झाडावर संशय घेतला. तेव्हा मीच म्हटलं, नाही हो, झाड घराण्यातलं असलं तरी सरळ आहे. शेवटी एका रविवारी मॅडमनी मला फोन केला आणि म्हणाल्या, मावशी, तुम्ही काय काय करता ते एकेक सांगा बघू. मी सांगितलं. पाला निवडते, तीन पाण्यांत धुते, पातेल्यात तुमचं ते पाणी ठेवते, आधण आलं की चिमूटभर मीठ घालते, मग पाला...

मीठ? असं मॅडमनी तीनदा विचारलं. मला वाटलं रेंज गेली.

भावजी, मला सांगा, पाला उकळताना मीठ घालायचं नाही हे कोणी बाईमाणसाला सांगावं लागतं का? आणि सांगितलं नाही तर तिचा काय दोष? माझ्या हाताने ते घातलं, मला विचारलंही नाही. मिठाची आणि चांदीची गाठ पडली की ते पांढरं दही होतं, हे आता सगळ्या घराला पाठ आहे. पण त्यात अडीच आठवडे गेले, मॅडमनी माझ्यामुळे तीन कॅन पाण्याला उगाच दोष दिला, आणि भाविका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (तुमच्यावरच गेली आहे. मात्र दोनच दिवस. बाकीचे वीस तिच्या आईवर.)

आता बोटांकडे येते. बिनमिठाच्या काढ्याने पहिली खेप साधली, दुसरी साधली. तिसरी करायची तर मतदान आलं, आणि कॉलेजच्या इमारतीत पेट्या, कागद नि साहेब लोक उतरलेले, दोन दिवस प्रयोगशाळा बंद. गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून मॅडमनी चांदीच्या द्रावणाची छोटी तपकिरी बाटली काळ्या कागदात गुंडाळून भाविकाजवळ दिली आणि बजावलं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. भाविकाने मला हातमोजे दिले. मी पाहिले. जन्मभर गोठा आवरला, चिखलात लावणी केली, तुमच्या लग्नात दीडशे माणसांची भांडी घासली, आणि आता बोटाएवढ्या बाटलीला रबरी मोजे? मी ते डाकघराच्या टेबलावर ठेवले. जैतू ते घालून पावसाळ्यात टपाल वाटीन म्हणाला.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्या बाटलीचं बूच पाझरलं. सगळं औषध ओट्यावर. भाविका शेजारच्या गावी मैत्रिणीकडून ग्रॅमचा बारीक वजनकाटा आणायला गेलेली. मी फडकं घेतलं, पुसलं, फडकं पिळलं, बाटली दोनदा विसळली, आतून बोट फिरवून पाहिलं (डावं बोट, अंगठ्याशेजारचं, उजवा हात फडक्यात गुंतलेला), ओटा धुतला. हात पाहिले तर स्वच्छ. पाण्यासारखं पाणी. मनात म्हटलं, शिकलेली माणसं उगाच भेव घालतात.

सकाळी आठला ओटीवर उन्हात बसून पिशवीचा शिक्का मारला तेव्हा बोटं पिवळट वाटली, हळदीला हात लागला असेल म्हटलं. साडेनऊला तपकिरी. अकराला मी नवं लुगडं-चोळी नेसून मतदानाला निघाले तेव्हा दहाच्या दहा बोटं बिब्ब्याच्या तेलात बुडवल्यासारखी काळी कुळकुळीत. भाविका बघून खाली बसली. म्हणाली, आई, ऊन लागलं की चांदी काळी पडते, आणि आता कातडी गळेपर्यंत हे जाणार नाही. मी म्हटलं, मत द्यायला बोटं लागतात, गोरी बोटं लागतात असं कुठे लिहिलंय?

लिहिलेलं असतं, भावजी. शाळेच्या वर्गात पहिल्या टेबलावर कुठलासा जालन्याकडचा पोरगेला साहेब. यादीत नाव बघितलं, मग म्हणाला डावं बोट दाखवा. मी दाखवलं. त्याने बोट पाहिलं, मग हात पाहिला, मग म्हणाला दुसरा हात. मी तोही पुढे केला. बिचारा उठून उभा राहिला.

“मावशी, दहा ठिकाणी जाऊन आलात का?”

वर्गात हशा. मंगळीबाईचा माणूस लखमा खिडकीशी बसलेला, त्याने लगेच हरकत घेतली, ते त्याचं कामच. पण तुमचा माणूस, आपला अक्षय, ज्याला मी बारशाला दुपटं शिवलं, तो काय म्हणाला माहीत आहे? तो म्हणाला, “काकू, तुमी म्हायेरी जाऊन आलाव काय? आमाला आदी सांगायचा ना.” तुमची उंबरमाळीची सगळी गोष्ट ह्या एका वाक्यातून निघालेली आहे. मी साहेबाला सांगितलं की बाबा, तुझ्या त्या शाईच्या बाटलीत जे असतं तेच माझ्या बोटांना लागलंय, सिल्व्हर नायट्रेट, मी घरी शेवग्याच्या पाल्यापासून चांदी करते. हे वाक्य मनात बरोबर वाटलं होतं. बोलून झाल्यावर रांगेतल्या लोकांची तोंडं बघितली तेव्हा कळलं की बाहेर ते वेगळं ऐकू गेलं. (त्या दिवसापासून तिघीजणी आपले जुने पैंजण घेऊन ओटीवर येऊन गेल्या. एकीने शेवग्याची जुडीही आणली होती.) साहेब सज्जन. म्हणाला, मावशी, तुमचं म्हणणं खरंही असेल, पण मला नियमात बोट दिलंय, रसायन दिलेलं नाही. खूण आहे म्हणजे मत नाही.

घरी आले. लिंबू झालं, राख झाली, धुण्याचा सोडा झाला, नारळाची शेंडी झाली. तुमच्या बंधूंनी झोपाळ्यावरून रॉकेल सुचवलं. पाच वाजता परत गेले तेव्हा बोटं सोलून लाल झाली होती आणि त्या लालावर काळं जास्तच उठून दिसत होतं. साहेबाने ह्या वेळी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण मताची चिठ्ठी दिली नाही. साडेपाचला दार लागलं. रात्री काढून ठेवलेला गुलाल तुमच्या पडवीत अजून पोत्यात आहे, तो मला खिडकीतून रोज दिसतो आणि मलाही वाईट वाटतं.

एवढा हा खुलासा. माझ्यावर विश्वास नसेल तर बोटं येऊन पाहा, नखांच्या कडांना अजून काळं आहे. महिनाभराने तेही जाईल आणि मग माझ्याकडे पुरावा राहणार नाही. म्हणून घाईने लिहिलं. मी माहेरी गेले नाही, मी कोणाशी फितूर झाले नाही, मी फक्त एक ओटा पुसला. तुमचं मत पाल्याने आणि चांदीने बुडवलं, आणि त्यातला पालाही तुमचाच. घरातल्या माणसाने एवढं समजून घेऊन राग सोडावा, बोलावं, निदान विहिरीकडे बघणं थांबवावं, विहीर लाजते. माझ्या धाकट्या जावेला, कमळाबाईला, आशीर्वाद. शेळीला समजावून घेत जा.

तुमची,
गुणावहिनी

ता. क. : झाडाचा विषय निघालाच आहे तर, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोन ओंजळी पाला मिळाला तर बरं. कोवळा नको, मधला. फाटक तुम्ही उघडा, तोडून मी घेईन, तुम्हाला बोलावं लागणार नाही. तुम्ही विहिरीकडे बघत उभे राहिलात तरी चालेल. माझ्यावरचा राग पोरीच्या वर्षावर काढू नका, भावजी. हे एवढंच गंभीरपणे लिहिलंय.

ता. क. दुसरं : खोटं पोटात ठेवून पाला मागणं बरं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी साहेबाने मला चिठ्ठी दिली असती तर मी मत मंगळीबाईला देणार होते. तुम्ही वेशीवर वडिलांच्या नावाची कमान बांधणार होता. ती बाई म्हणाली होती हातपंपाचा दांडा बसवून घेते, आणि तो दांडा गेले आठ महिने मी हाताने धरून पाणी काढते. तेव्हा नीट विचार करा: बोटं काळी झाली म्हणून तुम्ही एका मताने पडलात. गोरी असती तर दोनाने पडला असता. आभार मानायचेच तर भाविकाचे माना.

ता. क. तिसरं, शनिवारी सकाळी : पत्र चिकटवायचं राहिलं होतं तेवढ्यात काल संध्याकाळी कमळाबाई टपालाची तिकिटं घ्यायला आली (तुमच्या घरात माझ्याशी बोलायची बंदी आहे, टपालाची तिकिटं घ्यायची नाही, ती बावीस दिवसांत एकोणीस वेळा तिकिटं घेऊन गेली) आणि तिने हे सगळं वाचून काढलं. तेव्हा पहिलं ता. क. रद्द समजा. फाटकाची किल्ली ती टेबलावर ठेवून गेली. पाला पहाटे, तुम्ही चूळ भरत होता तेव्हाच काढला. काढा भाविकाने केला, मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मॅडमनी दिलेल्या चांदीच्या नव्या बाटलीत तो घातला, आणि आत्ता साडेनऊ वाजता बाटलीतलं पाणी पिवळं होऊन चहाच्या रंगावर येतंय, आणि पोरगी तिच्याकडे बघत उभी आहे, हसतही नाही आणि बसतही नाही. किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात परत गेलेली असेल, बघून घ्या.

दुसरं ता. क. मात्र कमळाबाईला अपुरं वाटलं. मी खोडून नव्याने लिहिते म्हटलं तर नको म्हणाली, आहे त्याच्याखाली आणखी एक ओळ घाला म्हणाली. तिच्याच शब्दांत देते, माझं त्यात काही नाही:

“एकल्या अंगावर कशाला घेताव वयनी. माजापन लिवा. माज्या बोटांना तर त्या दिवशी डाग पन नव्हता.”